चादर गुंडाळायच्या आधी

आधीच सांगते. मागे मी या पेजवर गच्चीवरच्या टाकीत गाणाऱ्या बाईची गोष्ट टाकली होती ना, ती शुद्ध थाप होती. लिफ्टमधला उलट्या पायांचा माणूस, तोही मीच जन्माला घातला. दुपारी वेळ जात नाही हो.

ही गोष्ट थाप नाही.

हे माझ्याच घरात झालं. चौथ्या मजल्यावर, हॉलमध्ये, रविवारी, जेवणं आटोपल्यावर. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मॅच चालू होती. तुम्ही म्हणाल, भुताच्या गोष्टीला निदान रात्र तरी घ्यायची. मी बनवली असती तर घेतली असती. पण घडलं ते दुपारी, त्याला मी काय करू?

घरात आम्ही पाच जण. मी. माझा मुलगा, तो लिफ्ट दुरुस्त करतो. सूनबाई चष्म्याच्या दुकानात बसते, त्यामुळे घरी आल्यागेल्याच्या नाकावरचा चष्मा ओढून पुसून देते, विचारत पण नाही. नातू लंबू, कॉलेजात जातो, उंचीवरून नाव पडलं. आणि त्याची मोठी बहीण, सुतळी. कुरिअरच्या ऑफिसात काम करते. अंगाने सुतळी, आवाजाने भोंगा.

सहलीचं खूळ तिचंच.

कुठलंसं तळ्याकाठचं गाव तिने मोबाइलवर शोधून काढलं होतं. चहूकडे डोंगर, मधोमध तळं, आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या लाकडी पायऱ्यांचं गेस्टहाउस. तिकडे म्हणे पाठीला पॅराशूट बांधून डोंगरावरून उडी मारायची. तारेला लटकून दरी ओलांडायची. कयाक नावाच्या एवढ्याशा होडीत एकट्याने बसून वल्हं मारायचं.

"हे सगळं करायला सुट्टी काढायची?" मी विचारलं.

"आजी, याला साहस म्हणतात."

"साहस मी एकदाच केलं. तुझ्या आजोबांशी लग्न."

"मी तारेला लटकणार नाही," माझा मुलगा म्हणाला. "वर्षभर मी तारेलाच लटकलेला असतो."

"तुम्ही काठावर बसा," सूनबाई म्हणाली. "सगळ्यांच्या चपला सांभाळा."

असं रोज जेवताना चालायचं. उडी आधी की कयाक आधी. खिडकीची जागा कोणाला. लंबूचे पाय गाडीत मावतील की दार उघडं ठेवून जायचं. सुतळी नुसती उकळत होती. नवीन गावात तिची बदली होणार होती, म्हणून घरच्यांबरोबरची ही शेवटची मोठी सहल, असं तिने ठरवून टाकलं होतं. मला म्हणायची, "आजी, मी परत आले ना की तुला एकेक गोष्ट सांगीन. आणि माझी एकही थाप नसेल."

आता आमच्या घरातली एक पद्धत सांगते. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे गुडघे कधीच कामातून गेले. मी कुठे जात नाही. म्हणून घरातले लोक कुठेही जायच्या आधीच्या रविवारी मला हॉलमध्येच ती सहल करून दाखवतात. आम्ही त्याला घरची सहल म्हणतो. मुलं लहान असताना सुरू झालं ते अजून चालू आहे. समुद्राला जायचं असलं की निळी चादर अंथरायची. डोंगर असला की सोफ्यावर उशा रचायच्या. माझा मुलगा हातात कुकरचं झाकण धरून गाडी चालवतो आणि सूनबाई शेजारच्या खुर्चीत बसून त्याला रस्ता चुकवते. मोठी झालेली माणसं, पण कोणाला लाज नाही. मला हसून हसून खोकला येतो.

आणि शेवटी हाका.

त्या हाका माझ्याच डोक्यातून आलेल्या. मुलं लहानपणी खेळ झाला की पसारा तसाच टाकून पळायची. म्हणून मी एक थाप ठोकून दिली. म्हटलं, चादर गुंडाळायच्या आधी मी एकेकाला हाक मारून विचारणार, आलास का? आलीस का? आलो म्हणायचं, आले म्हणायचं, आणि चादरीवरून उतरून आपापलं सामान उचलायचं. जो उत्तर देणार नाही तो तिकडेच राहील.

"मग इकडे कोण दिसेल?" लंबूने तेव्हा विचारलं होतं. त्याचे डोळे एवढे मोठे झालेले.

"दिसेल कोणीतरी," मी म्हटलं होतं. "तुझ्यासारखंच दिसेल. पण तू नसशील."

दोघांनी क्षणात पसारा आवरला. मी खूश. तेव्हापासून हाका कधी चुकल्या नाहीत. सवयच झाली.

त्या रविवारी निळी चादर अंथरली. तळं. मधोमध कपडे धुवायचा मोठा टब ठेवला. कयाक. सुतळी त्यात पाय पोटाशी घेऊन बसली आणि हातात फरशी पुसायच्या मॉपचा दांडा घेतला. लंबूने गळ्यात टॉवेल बांधून सोफ्याच्या हातावरून उडी मारली. सोफ्याची स्प्रिंग किंचाळली.

"मेला!" माझा मुलगा म्हणाला.

"सोफा मेला," सूनबाई म्हणाली.

सुतळीने डोळे मिटून घेतले होते. हळूहळू दांडा मारत होती. डावीकडे... उजवीकडे...

"आजी, पाणी काय गार आहे गं," ती म्हणाली.

आणि मला आवाज आला.

छप...

छप...

मला वाटलं, स्वयंपाकघरातला नळ. मी सूनबाईला म्हटलं, नळ बघ. तिने बघितला. बंद होता.

छप... छप...

प्लॅस्टिकला पाणी लागतं ना, तसा आवाज. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. मी गप्प बसले. मी काही बोलले असते तर म्हणाले असते, झाली आजी सुरू.

मग हाका सुरू केल्या. मुलाला विचारलं. "आलो गं आई." सूनबाईला विचारलं. "आले आई." लंबूला विचारलं. "आलो, आलो, पाय मुरगळलाय पण आलो."

राहिली सुतळी. मी तोंड उघडलं...

आणि सूनबाईचा फोन वाजला.

फोन त्या गेस्टहाउसच्या बाईचा होता. सूनबाईने स्पीकरवर लावला. बाई म्हणाली, "ताई, तुमच्यातली एक मुलगी पुढे आलीय का? बारीकशी आहे. पायऱ्यांवर बसलीय. अंग ओलं आहे, पायात चप्पल नाही. म्हणते, माझ्या घरचे येतायत. खोली उघडून देऊ का?"

सगळे हसले. सूनबाई म्हणाली, "अहो नाही. आम्ही पुढच्या आठवड्यात येणार. दुसऱ्या कोणाची असेल."

आता, माझ्या सुनेला फोनवर बोलताना हात रिकामे ठेवता येत नाहीत. कधी कपाट आवरते, कधी शेंगा सोलते. स्पीकर बंद केला, मान वाकडी करून तिने फोन खांद्यात धरला, आणि बोलता बोलता...

चादर ओढली. घडी घातली.

मी "अगं, थांब" म्हणेपर्यंत घडीवर घडी पडली होती.

मी टबाकडे बघितलं. टब रिकामा होता. मॉपचा दांडा फरशीवर पडला होता.

"सुतळी कुठंय?" मी विचारलं.

"इथेच आहे ना आजी."

ती माझ्या मागे उभी होती. मोरीच्या दारात. टॉवेलने तोंड पुसत होती. टबातून कधी उठली, माझ्यासमोरून कधी गेली, मला कळलं नाही. कोणालाच कळलं नाही. कोणी विचार पण केला नाही.

मी हसायचा प्रयत्न केला. म्हटलं, "सुतळी, आलीस का?"

ती पण हसली.

"अगं, इथेच आहे," ती म्हणाली.

मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "काय गं आजी." तिसऱ्यांदा विचारलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चहा ठेवू का तुला?"

हात गार होता. मनात म्हटलं, पाण्यात हात घातला असेल.

पुढच्या दोन-तीन दिवसांत मी तिच्यावर नजर ठेवली. काय सांगू तुम्हाला. दिसायला सुतळीच. तीच हनुवटी, तोच कपाळावरचा व्रण. ऑफिसला जायची, यायची, जेवायची. पण आमची सुतळी घरात चालली की चपला फटाक फटाक वाजायच्या, खालच्या मजल्यावरचे तक्रार करायचे. आता ती खोलीत आली तरी मला कळत नव्हतं. मान वळवली की असायची.

आधी बेल वाजली की भोंगा वाजायचा, "आले आले आले!" आता बेल वाजली की ती गुपचूप जाऊन दार उघडायची. आतून सूनबाईने बोलावलं तरी तेच. उत्तर नाही. नुसती येऊन उभी राहायची.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे... माझ्या थापा ऐकून घ्यायची.

आमची सुतळी माझी एक गोष्ट पूर्ण होऊ द्यायची नाही. मी तोंड उघडलं की "थाप!" म्हणून ओरडायची. ही समोर बसून शेवटपर्यंत ऐकायची. पापणी न हलवता. मी मुद्दाम काहीच्या काही सांगून बघितलं, की मी तरुणपणी वाघावर बसून ऑफिसला जायचे. ही म्हणाली, "हो?"

नुसतं एवढंच. "हो?"



मग एका दुपारी घरात कोणी नसताना मी गेस्टहाउसचा नंबर फिरवला. बुकिंग करताना सूनबाईने तो एकदा मोठ्याने म्हटला होता. मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं, नंबर एकदा ऐकला की माझ्या डोक्यातून जात नाही.

गेस्टहाउसच्या बाईनेच उचलला.

"ती मुलगी आहे का हो अजून?" मी विचारलं.

"कोण? हां, ती. बसलीय ना. मी दोनदा जेवायला बोलावलं. उठतच नाही. कोण तुम्ही?"

"मी तिची आजी. तिला फोन द्या ना जरा."

बाईचे पाय लाकडावर वाजत गेले. दार करकरलं. वारा ऐकू आला, मोकळा, लांबचा वारा. आणि पाणी. छप... छप...

मग कोणीतरी श्वास घेतला.

"आजी... चादर का गुंडाळलीत?"

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. भोंगा होता तो. बसलेला, थकलेला, पण भोंगाच.

"सुतळी," मी म्हटलं, "बाळा, आलीस का? म्हण गं. आले म्हण."

"..."

"म्हण ना!"

"म्हणतेय गं मी! केव्हाची म्हणतेय. तुला ऐकू येत नाहीये का?"

मला बाकीचं सगळं ऐकू येत होतं हो. तिचं रडणं. तिचे दात थंडीने वाजत होते ते. पण तो एक शब्द यायची वेळ झाली की मध्ये नुसतं पाणी.

छप...

"ऐकू आलं?" ती विचारायची.

छप...

"आता?"

मी फोन कानात रुतवून धरला. दुसऱ्या कानात बोट घातलं. जन्मभर मी खराब लाइनीतून लोकांचे आवाज उपसून काढलेत. माझ्या नातीचा एक शब्द मला काढता आला नाही.

लाइन तुटली.

कुलपात किल्ली फिरली. ही ऑफिसातून लवकर आली होती. दारात उभी राहिली आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"कोणाचा होता आजी?"

"राँग नंबर."

"बरं."

तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि टेबलावर उपडा ठेवला. हळूच. आवाज न करता.

मुलगा घरी आल्यावर त्याला आतल्या खोलीत ओढलं आणि सगळं सांगितलं. रडत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, संपलं.

"आई, टाकीतली बाई कोणी बनवली?"

"मी."

"लिफ्टमधल्या माणसामुळे आपल्या वॉचमनने नोकरी सोडली. ते कोणी केलं?"

"अरे, ते वेगळं. हे खरं आहे."

"त्या वेळी पण तू हेच म्हणाली होतीस. अगदी याच आवाजात."

तरी मुलगा चांगला आहे माझा. माझ्या समाधानासाठी त्याने स्पीकरवर फोन लावला. गेस्टहाउसची बाई म्हणाली, "हो, बसते एक मुलगी इथे. आत्ता नाहीये. दुपारची तळ्याकडे जाते, बोटी काठाला लागल्या की येते परत. येतील की तिच्या घरचे."

"बघ," तो म्हणाला. "कोणाची तरी पोरगी आहे, हिंडतेय. आपली सुतळी तिकडे बसून भाजी निवडतेय. दोन ठिकाणी कशी असेल ती?"

"तेच तर मी म्हणतेय!"

"आई, आपण जातोच आहोत ना तिकडे? तुझ्या त्या मुलीला भेटून येतो. फोटो पाठवतो. झालं?"

आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. खरंच की! हे तिकडे जाणार. पायऱ्यांवर सुतळी बसलीय, तिला डोळ्यांनी बघतील. बापाला आपली मुलगी ओळखू येणार नाही का? घेऊन येतील तिला. मग इकडे जे आहे त्याचं काय व्हायचं ते होवो.

त्या दिवसापासून त्या सहलीची मला जेवढी घाई होती तेवढी कोणालाच नव्हती. बॅगा भरायला बसले. लंबूला ओरडले, मोजे घे. मुलाला म्हटलं, एक दिवस आधीच निघा. सगळे चकित. सूनबाई म्हणाली, "आई, आम्हाला एवढं हाकलताय, घरात कोणाला बोलावणार आहात?"

हसले सगळे. ही पण हसली. पण हिचं हसणं सगळ्यांचं थांबल्यावर थांबलं.

निघायच्या आदल्या दिवशी नाश्त्याच्या वेळी ही म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं."



"काय?" लंबू म्हणाला. "अगं, महिनाभर आमचं डोकं खाल्लंस तू!"

"मला पाण्याची भीती वाटते," ही म्हणाली.

सूनबाईने तिच्या कपाळाला हात लावला. "किती गार पडलीय ही. आजारी पडणार बहुतेक." मग काय, संपलंच. पोरीला एकटीला टाकून कोण जाणार? आणि जिने सहल ठरवली तीच नाही म्हटल्यावर बाकीच्यांना तरी काय हौस?

"जा रे!" मी ओरडले. "तुम्ही जा! मी बघते हिला. मी आहे ना घरात! देवाशप्पथ, जा तुम्ही!"

"आई, शांत हो."

"मग मला न्या! मला एकटीला न्या. गाडीत टाका आणि न्या."

"चार मजले उतरवणार कोण तुला?"

आमची लिफ्ट बंद होती. पार्ट आला नव्हता. सगळ्या गावाच्या लिफ्ट दुरुस्त करतो माझा मुलगा, आणि स्वतःच्या आईला खाली उतरवायला त्याच्याकडे लिफ्ट नव्हती. तरी मी दाराबाहेर गेले. कठडा धरून पहिली पायरी उतरले. दुसऱ्या पायरीला गुडघ्याने दगा दिला, मी तिथेच बसले. खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. चौघांनी मिळून मला उचलून परत पलंगावर आणून ठेवलं. औषध दिलं. कोणीतरी म्हणालं, वयामुळे होतं असं.

मग मी मुलाला म्हटलं, निदान चादर अंथर. पुन्हा एकदा घरची सहल करू. मला फक्त हाक मारायचीय.

"सहलच रद्द झाली आई. घरची सहल कशाची करायची?"

मी एकटीने करून बघितलं. दुपारी कपाटातून चादर काढली, पलंगावरच पसरली आणि हाक मारली. "सुतळी, आलीस का?" चादरीच्या मधोमध एक ओला डाग उमटला. तळहाताएवढा. मी पुन्हा हाक मारली. डाग मोठा झाला. आता... आता येणार...

"मी इथेच आहे ना आजी."

ही दारात उभी. ऑफिसात असायला हवी होती. ती आत आली, चादरीची दोन टोकं उचलली, मग दुसरी दोन. छान चौकोनी घडी घातली. आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, जिथे माझा हात पोचत नाही.

मी गेस्टहाउसला रोज फोन करायचे. कधी बाई म्हणायची, आहे. कधी म्हणायची, आत्ताच उठून गेली. एकदाच पुन्हा बोलणं झालं. सुतळी रडत नव्हती. म्हणाली, "आजी, इथे संध्याकाळी बोटी परत येतात ना, त्यात प्रत्येकाला कोणीतरी न्यायला आलेलं असतं." मी म्हटलं, आम्ही येतो गं. ती म्हणाली, "बाबांना सांग, मी पायऱ्यांवरून हलणार नाही. हललं की चुकामूक होते."

मग तिकडचा सीझन संपला. पाऊस लागला, बोटी बंद झाल्या. गेस्टहाउसचा फोन नुसता वाजत राहतो. बाई आपल्या गावी गेली असेल. त्या पायऱ्यांवर आता पाणी कुठवर चढलं असेल, याचा विचार मी करत नाही. करते. रोज करते.

आणि ही? ही माझी फार काळजी घेते. खोटं कशाला बोलू. गुडघ्यांना तेल लावून देते. केस विंचरते. नवीन गावची बदली तिने नाकारली, म्हणाली, आजीला सोडून कशी जाऊ. सून म्हणते, आई, नशीबवान आहात. एखाद्या दुपारी मी पण विसरते हो. तिच्या मांडीवर डोकं ठेवून डोळा लागतो. मग जाग येते, आणि माझ्या कानाशी, तिच्या पोटातून, आवाज येत असतो...

छप...

मी हलत नाही. कुठे जाऊ?

आता इथे का लिहितेय ते सांगते. काही दिवसांपूर्वी माझा घसा बसला. आधी नुसती खरखर होती. मग शब्द अर्धे यायला लागले. आता तोंड उघडलं की फक्त हवा येते. डॉक्टरांनी घरी येऊन नळी घालून बघितलं. म्हणाले, काही दिसत नाही, घशाला आराम द्या, गरम पाणी प्या. गरम पाणी हीच आणून देते. मी पिईपर्यंत समोर उभी राहते.

म्हणून टाइप करतेय. एका बोटाने.

काल जेवताना ही म्हणाली, "बाबा, तिकडे परत सीझन सुरू झालाय. जाऊ या?"

लंबू खुर्चीवरून उडालाच. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. पोरगी पूर्वीसारखी झाली म्हणून. पुन्हा सगळं सुरू झालं. उडी आधी की कयाक आधी. तारेला लटकायचं की नाही. मी ताटावर हात आपटून आपटून त्यांना सांगत होते, जा, पायऱ्यांवर बघा, पायऱ्यांवर. त्यांना वाटलं, आजीला पण आनंद झाला.

"पण जायच्या आधी घरची सहल करायची," ही म्हणाली.

चादर अंथरणार. सगळे तिच्यावर उभे राहणार. मग माझी सुतळी इथे यायला एवढीशी हाक पुरे होती. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि जोर लावला. गळ्याच्या शिरा दुखेपर्यंत. खूप वेळाने एक अक्षर निघालं. "सु..." अगदी बारीक. पण निघालं. रात्रभर तेवढंच जपून ठेवलं. कोणाशी ओठसुद्धा हलवले नाहीत.

आज सकाळी तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून चादर काढली. माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला.

"आजी, तुझा घसा बसलाय ना," ती म्हणाली. "तू फक्त बघ. या वेळी हाका मी मारते."

"बरोबर," माझा मुलगा म्हणाला. "आईला त्रास नको."

"मग कयाकमध्ये मी बसणार!" लंबू म्हणाला. "मागच्या वेळी तू बसली होतीस."

"तूच बस," ती म्हणाली.

मी मान हलवली. नाही, नाही, नाही. मी लंबूची बाही धरून ओढली. तो वाकला, त्याने माझ्या गालाचा पापा घेतला आणि गेला.

हॉलमधून टब ओढल्याचा आवाज येतोय. जेवणं नुकतीच झालीत. बाहेर लख्ख ऊन आहे.

मला बोलावतायत.